लाभपाचमीचा काळा माल

मी साडी विणली नाही, छापली नाही, गादीवर बसून विकलीही नाही. माझं काम फोनवर बोलायचं. तरी सुरतच्या कापड मार्केटमध्ये नोकरी केली असं सांगितलं, की समोरची बाई आधी एकच विचारते, “मग साड्या फुकट मिळत असतील ना?” नाही मिळायच्या. मिळायचा तो घोर. नवं डिझाइन चालेल का याचा घोर, आणि चाललं तर शेजारी ते कधी उचलेल याचा त्याहून मोठा घोर. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी दुपारी फोन वाजला की मी अजून हातातलं काम टाकून धावते.

नव्वदीच्या दशकात रिंगरोडवरच्या एका मार्केटात किशोरभाईंची पेढी होती. त्यांना जळगाव, अकोला, लातूरकडच्या दुकानदारांशी मराठीत बोलणारं कुणीतरी हवं होतं. बाजारात दुकानदाराला पार्टी म्हणतात. महाराष्ट्रातल्या सगळ्या पार्ट्या माझ्याकडे. रंग का फिका आला, पार्सल कुठे अडकलं, मागच्या लॉटला भोकं का होती, ही सगळी रड ऐकायची आणि गुजरातीत जरा मऊ करून शेठना सांगायची. मग शेठचं उत्तर मराठीत आणखी मऊ करून परत पाठवायचं. दोन्हीकडचे लोक मला फार समजूतदार समजत. घरी आले की त्यांच्या वाटच्या सगळ्या शिव्या मी भांडी आपटत काढायची. आम्ही मूळचे अमळनेरचे, राहायला गोडादऱ्यात. यजमान हजिऱ्याला एका कारखान्यात पाळीवर जात, मुलगा शाळेत. पेढीत मला सगळे ‘मराठीबेन’ म्हणत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साडीची पेढी म्हणजे कारखाना. तसं नसतं. कापड विणतो लूमवाला. त्या कोऱ्या, मळकट पांढऱ्या कापडाला ग्रे म्हणतात. ते विकत घेऊन पेढी पांडेसऱ्याच्या मिलला देते, मिल ते रंगवते, छापते आणि परत करते. मग घडी, प्लॅस्टिकची पिशवी, खोका आणि पार्सल. लूम आमचा नाही, मिल आमची नाही. समोरच्या पेढीचा ग्रे त्याच लूमचा आणि छपाई त्याच मिलची. मग आमचं असं काय? तर नुसती निवड. कोणतं फूल, कोणता रंग आणि कोणत्या गावच्या बाईसाठी, एवढं ठरवणं म्हणजे आमचा धंदा. आणि ती निवड तर खोक्यावरच्या पिशवीतून आरपार दिसते.

ती पाहायला समोरच्याच गाळ्यात रमणकाका बसलेले असत. माणूस गोड. सकाळचा चहा किशोरभाई आणि ते एकाच किटलीतून घेत, घरची लग्नकार्यं एकमेकांवाचून होत नसत. पण आमचं एखादं डिझाइन चाललं, की आठवड्याभरात तेच फूल त्यांच्या साडीवर उमलायचं, एक पाकळी कमी. कापड जरा हलकं, म्हणून भावही हलका. आम्ही एका डिझाइनचं नाव ‘सुलेखा’ ठेवलं, तर त्यांच्याकडे ‘सुलेखा डीलक्स’ आली. मी संतापून किशोरभाईंकडे गेले. ते हसून म्हणाले, “बेन, गेल्या वर्षीची आपली वेल कोणाची होती?” ती रमणकाकांची होती. सुरतेत याला कुणी चोरी म्हणत नसे. ‘चाललेला माल’ म्हणत.

म्हणून सगळं मार्केट सतत काहीतरी वेगळं शोधत असे. साडी तीच ठेवून वेगळं दिसायचं कसं, याच्या एकेक तऱ्हा मी पाहिल्या. कुणी पिशवीवर नटीसारख्या दिसणाऱ्या बाईचा फोटो लावला. कुणी साडीबरोबर टिकल्यांचं पाकीट चिकटवलं, तर डिंक पाझरून पदराला डाग पडले. आम्ही एकदा सुगंधी साडी काढली. मिलमध्ये शेवटच्या पाण्यात गुलाबाचा अर्क घातला. पेढीत अगदी लग्नघरासारखा घमघमाट. पण उन्हाळ्यात मालट्रकमध्ये त्या अर्काचं काय झालं देव जाणे. भुसावळच्या पार्टीचा फोन आला, “ताई, गिऱ्हाईक साडी हुंगतं आन् विचारतं, ही आधी कोन नेसलं व्हतं?” तो सगळा लॉट परत आला आणि महिनाभर गोदामात कुणी पाय ठेवेना.

किशोरभाईंचं तेव्हाचं एक वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलं. ते म्हणाले, “बेन, साडी बहु वेगळी पण नको. बहु वेगळी असली तर बाई बघते, कौतुक करते अने शेजारणीसारखी घेऊन जाते.” खरं होतं ते. वेगळेपण एवढंच हवं की दुकानदाराला आमचं नाव आठवावं, आणि तरी गिऱ्हाइकाला ते आपलंच वाटावं. आणि वर ते रमणकाकांनी उचलू नये. या तीन गोष्टी एका साडीत कधी जमायच्या नाहीत.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी पेढीचं बरं चाललं नव्हतं. महाराष्ट्राचा माल तर पडूनच होता. दिवाळीच्या आधी किशोरभाईंनी मला बोलावून सांगितलं, की हा सीझन गेला तर महाराष्ट्राचं काम बंद करायचा विचार आहे. “तुम्ही दुसरी नोकरी बघून ठेवा,” असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. शेठ कधी आपणहून माझ्यासाठी चहा मागवत नसत, त्यामुळे मला कळायचं ते कळलं.

त्या घोरातच मला ते सुचलं. सुचलं म्हणजे काय, माझीच दरवर्षीची चिडचिड होती ती. संक्रांतीला आपल्याकडे बायका काळी साडी नेसतात. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, लहान मुलाच्या बोरन्हाणाला काळं झबलं. आणि मी, अख्ख्या देशाला साड्या पुरवणाऱ्या शहरात राहून, दर जानेवारीत एका काळ्या साडीसाठी वणवण करायची. मिळायची नाही. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांत काळा रंग शुभकार्याला चालत नाही, त्यामुळे तो कुणी छापतच नसे. फार तर काळी किनार. गावाकडून बहिणीने पाठवली तर नेसायची, नाहीतर जुनीच इस्त्री करून.

मी किशोरभाईंना म्हटलं, “शेठ, काळा माल काढू. काळ्या जमिनीवर पांढरी बारीक नक्षी. आमच्याकडच्या प्रत्येक गावातली प्रत्येक बाई शोधत असते.”

“अने रमणभाई?”

“रमणकाकांना दिसेल, पण त्यांना करवणार नाही. त्यांच्या घरात काळं चालतं का?”

किशोरभाई बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. आयुष्यभर ते असा माल शोधत होते जो समोरच्याला उचलता येणार नाही. तो त्यांच्यासमोर आला, पण त्यांनाही उचलवेना असा आला.

कारण अडचण नुसत्या रंगाची नव्हती, वेळेची होती. दिवाळीत मिली बंद होतात, बहुतेक कामगार छठपूजेला गावी जातात. पेढ्या उघडतात पाडव्यानंतर चार दिवसांनी, लाभपाचमीला, आणि त्या मुहूर्तावर मिलला जो पहिला लॉट जातो तो लाल, केशरी, निदान हिरवा असतो. त्यानंतर लग्नसराईचा इतका माल मिलपुढे लागतो, की मागून आलेल्याला महिना महिना थांबावं लागतं. संक्रांतीआधी साड्या गावोगावच्या दुकानांत पोचवायच्या, तर आमचा लॉट पहिलाच जायला हवा होता. म्हणजे वर्षाच्या मुहूर्ताला काळा. आणि चौदा जानेवारी उलटली की तो सगळा माल कचरा, कारण पुढे वर्षभर त्याच्याकडे कुणी बघणार नाही.

“मारी बाने कोण समजावशे?” किशोरभाई म्हणाले.

बा म्हणजे त्यांच्या आई. मार्केटात वर्षातून एकदाच यायच्या, लाभपाचमीच्या पूजेला, पण पेढी खरी त्यांच्याच शब्दावर चाले. समजवायला मलाच घरी नेलं. बा झोपाळ्यावर बसल्या होत्या. किशोरभाईंची सून हेतल खाली बसून मेथी निवडत होती. तिचं पहिलंच बाळंतपण, सातवा महिना चालू होता. मी बोलत गेले आणि बांचा झोपाळा हळूहळू थांबला.

“काळुं? लाभपाचमना दहाडे?” त्या म्हणाल्या, आणि हेतलकडे पाहिलं. मला त्या क्षणी सगळं गुंडाळून उठावंसं वाटलं. मी विकायच्या मालाचा विचार करून आले होते, त्या घरात पोटुशी पोर आहे याचा नाही.

पण बा व्यापाऱ्याच्या घरच्या. पेढीची हालत त्यांना ठाऊक होती. थोड्या वेळाने झोपाळा पुन्हा हलला आणि त्यांनी अटी सांगितल्या. काळा माल पेढीत आणायचा नाही, लक्ष्मीच्या फोटोसमोरून न्यायचा नाही. घडी, पार्सल सगळं बाहेर. आणि मिलमध्ये मुहूर्ताचा नारळ घरातल्या कुणी फोडायचा नाही.

“नाळियेर बेन फोडशे,” बा म्हणाल्या. “एमनामां काळुं चाले छे ने.” यांच्यात काळं चालतं ना, मग नारळ यांनीच फोडायचा. पुढचं मी ओळखलं. दोष लागलाच, तर तो ज्याच्यात चालतो त्याला लागू दे.

जिना उतरताना हेतल माझ्यामागे आली. “आंटी, मला तर काळा आवडतो. कॉलेजात मी काळेच ड्रेस घालायची.” मग पोटावर हात ठेवून म्हणाली, “मला भीती नव्हती वाटत. पण बाला वाटते ना, तर मलापण वाटायला लागली.”

मला तरी दुसरं काय झालं होतं? मी शिकलेली बाई, शकुन-अपशकुन मानत नाही असं शाळेतल्या मैत्रिणींना ठणकावून सांगणारी. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात हेतलचे दिवस मोजायला लागले. माल पडून राहिला असता तर नोकरी गेली असती, त्याचं दुःख सोसता आलं असतं. पण त्या घरात काही वाकडं झालं, तर ते जन्मभर माझ्या माथी बसणार होतं, आणि मी खुलासा तरी कुणापुढे करणार होते?

लाभपाचमीला मी मिलमध्ये गेले. मिलचे रंगमास्तर मिश्राजी बनारसकडचे. त्यांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. “बहनजी, मुहूरत में काला? और ये तो सबसे आखिर में चलता है. मशीन को लग जाता है, धोते धोते दिन जाता है.” त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मिलमध्ये फिक्याकडून गडदाकडे जातात, म्हणजे मशीन दर वेळी धुवावं लागत नाही. शेवटी किशोरभाईंच्या जुन्या ओळखीवर ते तयार झाले, पण नारळ फोडताना दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा गावी न गेलेले चार-दोन कामगार मशीनकडे बघत असल्यासारखं दाखवत होते.

पहिला नमुना आला तो बिघडलेला. मिश्राजी म्हणत, काला तो काला. पण काळा कधी एक नसतो. मी तो तुकडा गच्चीवर उन्हात धरला, तर लालसर दिसला, चहाच्या चोथ्यासारखा. असला काळा हळदीकुंकवाला नेसून कोण जाईल? दुसरा नमुना हिरवट निघाला. तिसरा मात्र काळाभोर आला. तो घरी नेऊन सकाळी बादलीत भिजवला आणि न्हाणीघराच्या दारात बसून राहिले. पाणी काळं झालं. वर काढून पाहिलं तर पांढरी नक्षी राखेच्या रंगाची. यजमान दाढी करता करता म्हणाले, “अगं, तुझ्या मिलवाल्यांनी दौत सांडलीय काय?” मला हसू आलं नाही. त्याच अवतारात रिक्षा करून पांडेसरा गाठला आणि मिश्राजींच्या टेबलावर तो ओला तुकडा ठेवला. ते चिडले, पण कापडाची धुलाई एक वेळ वाढवली. चौथा तुकडा भिजवला तेव्हा पाणी पाण्यासारखंच राहिलं. मी बादलीला नमस्कार केला.

पेढीत माल आणायचा नाही म्हणून घडीचं काम गोडादऱ्यात आमच्याच गल्लीत केलं. तिथल्या खानदेशी बायका घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करत. पहिला गठ्ठा उलगडला तेव्हा सखूबाई नावाची एक बाई साडीवरून हात फिरवून म्हणाली, “माय वं, संक्रांतले काळं लुगडं! आते तरी भेटी.” सगळ्या खुदुखुदू हसल्या. एकीने खांद्यावर टाकून पाहिली, दुसरीने तिला आरसा आणून दिला. त्या घोराच्या दिवसांत मला बरं वाटलं ती तेवढी एक दुपार. माझ्या शेठच्या घरी ज्या कापडाला कुणी बोट लावायला तयार नव्हतं, ते इथे बायका अंगाखांद्यावर मिरवत होत्या.

डिसेंबरात पार्सलं गेली आणि फोन सुरू झाले. जळगावच्या पार्टीचे पहिले खोके दुकानात नीट मांडण्याआधीच संपले. अकोल्याहून, लातूरहून, ज्यांनी आमचं नाव टाकून दिलं होतं त्यांचेही फोन. “ताई, अजून पाठवा. दुसरं काही नको, काळाच पाठवा.” रमणकाका किटलीतला चहा ओतताना म्हणायचे, “किशोरभाई, आजकाल तुमचा फोन बहु वाजतो.” किशोरभाई नुसते हसायचे. एवढी वर्षं मार्केटात काढून ते पहिल्यांदाच असं काही विकत होते जे समोरच्या गाळ्यात नव्हतं.

त्याच आठवड्यात हेतलचा रक्तदाब वाढला. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, कतारगामला गेली होती. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. पायांना सूज, डोकं दुखायचं. पेढीत याबद्दल माझ्याशी कुणी काही बोललं नाही. पण मी आत गेले की किशोरभाईंचा आणि त्यांच्या मुलाचा, हेतलच्या नवऱ्याचा, चाललेला विषय बंद पडायचा. ते न बोलणं मला शिवीपेक्षा जड जायचं.

मिश्राजींनी निरोप पाठवला होता, की कुणाचा तरी लॉट रद्द झाल्याने दोन दिवस मशीन रिकामं आहे, दुसरा लॉट घालायचा तर आत्ता. इकडे पार्ट्या फोनवर हटून बसलेल्या. मी किशोरभाईंपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. “शुं करीए, बेन?” ते म्हणाले. काय करायचं?

त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं. मी म्हटलं, “नको शेठ. एवढाच बस.”

मग जागेवर येऊन मी एकेका पार्टीला मिलमध्ये जागा नसल्याचं सांगितलं. बिनदिक्कत थाप मारली. हातातोंडाशी आलेला धंदा मी स्वतः परत पाठवला, आणि कारण विचाराल तर मी घाबरले होते. रंगाने कुणाचं रक्त चढत-उतरत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

संक्रांत आली. सुरतेत त्या दिवशी जमिनीवर माणूस दिसत नाही. सगळं शहर गच्च्यांवर, पतंग, भोंगे, उंधियो, आणि दर क्षणाला “काप्यो छे!” मी सकाळी सुगडं पुजली. त्याच लॉटमधली एक साडी मी विकत घेऊन ठेवली होती, ती नेसले. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. तिळाचा पाक गॅसवर होता तेव्हा खाली घरमालकांकडे माझा फोन आल्याची हाक आली.

किशोरभाई होते. मागे माणसांचा गलका. “बेन, हेतल हॉस्पिटलमां छे. बा तुम्हाला बोलावते. जल्दी या.” मी “काय झालं?” विचारेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

बा बोलावते. हेतल नाही, शेठ नाहीत, बा. मी गॅस बंद केला, कपाट उघडलं आणि आतली पिवळी साडी बाहेर काढली. त्या घरच्या संकटात काळी साडी नेसून जायचं? पण यजमानांनी रिक्षा थांबवली होती, आणि मला एकेक मिनिट डोंगराएवढं झालं होतं. बा मला जे सुनावणार होत्या ते पिवळ्या साडीत ऐकलं काय आणि काळ्या साडीत ऐकलं काय. साडी पलंगावर टाकली आणि तशीच निघाले. कतारगामपर्यंत रिक्षात मी पदर मुठीत आवळून बसले होते. रस्त्यात मांजा आडवा येई, रिक्षावाला मान खाली घाली, वर गच्चीवरची पोरं ओरडत. सगळ्या गावाला सण होता आणि मी मनात एकच म्हणत होते, बाई वाचू दे, मूल वाचू दे, बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर सगळं कुटुंब थेट गच्चीवरून आलेलं. कुणाच्या डोळ्यांवर गॉगल, कुणाच्या बोटांना मांजासाठी गुंडाळलेल्या पट्ट्या. रमणकाकाही होते. मी जिन्याच्या तोंडाशी दिसले आणि सगळे बाजूला झाले. बाकावर बा बसल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

मग मला दिसलं, की त्यांच्या मांडीवर पांढरं गाठोडं आहे आणि ते हलतंय.

“दीकरी आवी,” बा म्हणाल्या. मुलगी झाली. “हेतल सारी छे.” हेतलही बरी आहे.

मी भिंतीला टेकले. मला रडू आवरेना. आणि बा तर माझ्यावर खेकसत होत्या. किती वेळ लावला, केव्हाची वाट बघते आहे. इतके लोक येऊन पोरीला बघून गेले, सगळ्या मार्केटाचे डोळे या वर्षी आमच्या घरावर आहेत, पोरीला नजर लागेल. नजरेला काळं हवं. “अने अमारा घरमां काळी चिंधीय नथी!” आमच्या घरात काळी चिंधीसुद्धा नाही. मग बोलावणार कुणाला? तुमच्याकडे तर काळ्याचे ढीग. मी एखादा कोरा तुकडा आणीन असं त्यांना वाटलं होतं, मी तर अख्खी काळ्यातच आले.

“अहीं बेसो,” त्यांनी सरकून जागा केली.

मी बसले. बांनी ती पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि माझाच पदर ओढून तिच्यावर पांघरला. तोंड तेवढं उघडं. एवढंसं लाल तोंड, काळ्यावर उठून दिसत होतं. बा समाधानाने मागे टेकल्या. किशोरभाई भिंतीजवळ उभे राहून डोळे पुसत होते. नारळ फोडल्यापासून जो दगड मी छातीवर घेऊन फिरत होते, तो कधी उतरला ते मला कळलंही नाही. मी त्या पोरीचा श्वास बघत बसले होते.

रमणकाका पुढे आले. तोंडभर आशीर्वाद देत वाकले, आणि वाकता वाकता त्यांनी उजव्या हाताच्या बोटावरची पट्टी सोडून खिशात टाकली. मला वाटलं, बाळाला खरखरीत लागू नये म्हणून. त्यांनी तिच्या मुठीला हळूच हात लावला. मग बांकडे पाहिलं, बांनी पांघरलेल्या त्या पदराकडे पाहिलं, आणि त्यांचं बोट आणि अंगठा पदराच्या काठावर आले. बाजारातला माणूस कापडाचं वजन, पोत, रंगाचा दर्जा डोळ्यांनी नाही, चिमटीत ओळखतो. एकदा चोळला. पुन्हा चोळला. पांढऱ्या नक्षीवरून नख फिरवून पाहिलं.

किशोरभाईंनी ते पाहिलं, मीही पाहिलं. ज्या घरातून काळ्याला आडकाठी होती, त्याच घरच्या म्हातारीने आज चारचौघांत तो आपल्या पणतीवर पांघरला होता, आणि पुढच्या लाभपाचमीला समोरच्या गाळ्यात काय असणार हे तिथल्या आम्हा तिघांनाही ठाऊक झालं होतं. पदर ओढून घ्यावा असं मनात आलं. पण पोर त्याच्याखाली गाढ झोपली होती. ओढला असता तर जागी झाली असती. मी तशीच बसून राहिले, आणि रमणकाकांना हवा तेवढा वेळ मिळाला.